विहीर कुणाच्या हिश्श्यात?

पत्र

"ताई, मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. रेवदंड्याजवळ आमचं जुनं घर आणि वीस गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे, बाबांच्या नावावर. आम्ही तिघं भावंडं. मोठे भाऊ १९८४ पासून इस्राएलमध्ये अश्दोदला, धाकटा ठाण्याला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, लग्न केलं नाही, आईबाबांजवळ राहिले. बाबा २०१५ मध्ये गेले, आई गेल्या वर्षी. शेवटची पाच वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. मोठे दर महिन्याला पैसे पाठवायचे, हे मी नाकारत नाही. मृत्युपत्र कुणीच केलं नव्हतं.

आता मोठ्यांनी हक्कसोडपत्राचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवलाय. म्हणतात, तोराप्रमाणे, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाप्रमाणे, मुलगे असताना मुलीला वतन नाही आणि थोरल्याला दुप्पट. म्हणजे तीन भाग करायचे, दोन त्यांचे, एक धाकट्याचा. मला 'मायेपोटी' मागच्या कुंपणाकडचे चार गुंठे देणार. त्यात विहीर नाही, रस्ताही नाही. धाकटा गप्प आहे. कधी वाटतं सही करून मोकळी व्हावं, कधी वाटतं सगळं मीच केलं तर सगळं माझंच. मला भांडायचं नाही. पण तोरा खरंच असं म्हणते का? आणि म्हणत असेल, तर आई जन्मभर 'देव न्यायी आहे' म्हणायची, त्याचा अर्थ काय लावू?
– एक बहीण"

उत्तर

प्रिय बहिणी,

तुमचं पत्र वाचताना मी 'विहीर नाही' या दोन शब्दांपाशी अडकले. माझं आजोळही त्याच किनाऱ्यावरचं. अष्टागरात सुपारीच्या वाडीतून विहीर वजा केली की काय उरतं, हे शहरात वाढलेल्याला समजावून सांगावं लागतं. तुमच्या मोठ्यांना नक्कीच लागणार नाही. लहानपणी त्यांनीच ती वाडी शिंपली असेल.

तुमच्या दोन्ही प्रश्नांना तोरा उघडावी लागेल, पण त्याआधी एक कोरडं काम उरकते. सही करू नका. निदान आत्ता तरी नाही. मृत्युपत्र नसेल तर आपल्या समाजाला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. ख्रिस्ती कुटुंबांनाही तोच. त्यात मुलगा-मुलगी हा फरक नाही, थोरला-धाकटा हाही नाही. बाबा गेले तेव्हा एक तृतीयांश आईचा झाला आणि उरलेले दोन तृतीयांश तुम्हा तिघांत सारखे. आई गेल्यावर तिचा तृतीयांशही तिघांत सारखाच. बेरीज केलीत की प्रत्येकाला एक तृतीयांश येतो, म्हणजे वीस गुंठ्यांतले साडेसहाच्या थोडे वर. घरही त्याच हिशोबात. मोठे ज्या देशात राहतात तिथला १९६५ चा वारसा कायदाही मुलाला आणि मुलीला सारखंच मोजतो. तिथे वारशाचा वाद धर्मपीठाकडे न्यायचा झाला तरी सगळ्या वारसांची लेखी संमती लागते. म्हणजे अश्दोदमध्येसुद्धा तुमच्या सहीवाचून त्यांचं चाललं नसतं.

सातबारा काढा. वारस म्हणून तिघांची नावं लागली आहेत का बघा, नसतील तर तलाठ्याकडे अर्ज द्या. त्या नोंदीने मालकी ठरत नाही, पण नाव नसलं की पुढे प्रत्येक खिडकीवर अडतं. आणि अलिबागला एखाद्या दिवाणी वकिलाला कागद दाखवा. मी निवृत्त शिक्षिका आहे, माझ्या शब्दावर दस्त करू नका.

आता तोरा.

मोठ्यांनी वचनं काढली आहेत ती खरीच आहेत. गणना या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात क्रम स्पष्ट दिलाय: माणूस मुलगा न ठेवता मेला तर वतन मुलीला, मुलगीही नसेल तर भावांना, आणि तसंच पुढे. मुलगा असेल तर मुलीचा नंबर लागत नाही. 'तिथे तसं म्हटलेलंच नाही' अशी गोड थाप मी मारणार नाही. तुम्ही ती मोठ्यांना सांगाल आणि ते अध्याय-वचन काढून तुमच्यासमोर ठेवतील. पण तो नियम जन्मला कसा, हे मात्र त्यांना विचारा. कारण तो नियम म्हणजे पाच बहिणींनी मागितलेल्या न्यायाचा निकाल आहे.

महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. योसेफाचा मुलगा मनश्शे, त्याच्या वंशातल्या सलाफहादाच्या मुली. लोक मिसर सोडून रानात भटकत असतानाच बाप मेला, मुलगा नाही. जमिनीच्या वाटपासाठी शिरगणती झालेली, आणि मोजले ते पुरुषच. या पाचजणी दर्शनमंडपाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, मोशेसमोर, एलाजार याजकासमोर, सरदारांसमोर, सगळ्या मंडळीसमोर. म्हणाल्या, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसलं जावं? आम्हाला आमच्या चुलत्यांबरोबर वतन द्या. तुम्ही लिहिलंत, 'मला भांडायचं नाही.' याला भांडण म्हणाल का? त्यांनी रडारड केली नाही, कुणाला शिव्या घातल्या नाहीत, सहीही केली नाही.

मोशेला उत्तर सुचलं नाही. ज्याने सीनाय डोंगरावरून देवाच्या आज्ञांच्या पाट्या आणल्या, त्याच्याकडे या पाच बायकांच्या प्रश्नाचं कलम नव्हतं. त्याने प्रकरण देवापुढे नेलं. देवाचं पहिलं वाक्य काय, तर सलाफहादाच्या मुली म्हणतात ते बरोबर आहे. हिब्रूत 'केन', म्हणजे खरं, योग्य. नियम त्यानंतर आला. मला या प्रसंगात सगळ्यात मोठं वाटतं ते हे की हरकत बरोबर होती आणि ती ऐकून तोरेत कलम वाढलं. तुमची आई ज्याला न्यायी म्हणायची तो देव हा असा, हरकत ऐकून घेणारा.

गोष्ट इथे संपली असती तर शाळेच्या स्नेहसंमेलनात बसवायला बरी होती. ३६ व्या अध्यायात त्याच कुळातले पुरुष येतात. या मुलींनी परवंशात लग्नं केली तर आपली जमीन त्यांच्याबरोबर दुसऱ्या वंशात जाईल, अशी त्यांची तक्रार. आणि त्यांनाही उत्तर मिळतं, 'केन', योसेफाचा वंश म्हणतो ते बरोबर आहे. तोच शब्द. मग ठरतं की मुलींनी आपल्याच वंशात लग्नं करायची, आणि त्या चुलत भावांशी करतात. मला हा अध्याय कधीच आवडलेला नाही. पण तो तिथे आहे, आणि मुलींच्या नावावरची जमीन म्हटली की कुळातल्या पुरुषांना कशी धडकी भरते ते त्यात प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. तुमच्या घरात आत्ता जे चाललंय ते त्या अध्यायाचंच मराठी रूप.

अजून एक तपशील. देवाचा हुकूम मोशेच्या हयातीत निघाला, पण प्रत्यक्ष जमीन? यहोशवाच्या पुस्तकाचा १७ वा अध्याय उघडा. मोशे गेलाय, देश ताब्यात आलाय, वाटप चाललंय, आणि याच पाचजणी पुन्हा एलाजार आणि यहोशवापुढे येऊन म्हणतात, आम्हाला वतन द्यायचं असं परमेश्वराने मोशेला सांगितलं होतं. हुकूम झाला तरी नाव लागायला परत कचेरीत जावं लागलं. तेव्हा तलाठ्याकडची तुमची दुसरी-तिसरी खेप कमीपणाची मानू नका, तिला मोठी परंपरा आहे. त्यांना जमीन मिळालीही असावी. १९१० मध्ये शोमरोनच्या (जुन्या इस्राएल राज्याच्या राजधानीच्या) उत्खननात शाई लावून लिहिलेली खापरं सापडली, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातली, कुठल्या भागातून किती तेल-द्राक्षारस आला त्याच्या नोंदी. त्यात नोआ आणि होग्ला ही दोन भागांची नावं आहेत. बापाचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून मागायला आलेल्या मुलींपैकी दोघींची नावं सरकारी हिशोबाला लागली!

आता विहीर. मोठ्यांनी तोरा काढलीच आहे तर त्यांनी आणखी चार पानं उलटून यहोशवाच्या १५ व्या अध्यायापर्यंत यावं. कालेबाने आपली मुलगी अखसा अथनिएलाला दिली आणि तिला जमीनही दिली, पण दक्षिणेकडची, नेगेबची, रखरखीत. अखसा गाढवावरून उतरली. बाप म्हणाला, काय हवंय तुला? ती म्हणाली, मला कोरडी जमीन दिलीत, आता पाण्याचे झरेही द्या. कालेबाने तिला वरचे झरे दिले आणि खालचेही दिले. एवढीच गोष्ट, शास्ते या पुस्तकात पुन्हा आलीय. दोन पुस्तकांनी ती जपून ठेवावी असं तिच्यात काय आहे? तिला भाऊ होते, म्हणजे सलाफहादाच्या मुलींचं कलमही तिच्या उपयोगाचं नव्हतं. बापाने जे दिलं ते मायेपोटीच. तरीही तिने मायेपोटी मिळालेल्या जमिनीत पाणी नाही हे तोंडावर सांगितलं, आणि बाप रागावला नाही. माया मोजायची असेल तर तुमच्या चार गुंठ्यांना अखसाचं माप लावा.

थोरल्याच्या दुप्पट हिश्श्याचं वचन तोरेतल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायातलं. हेही खरं. पण त्याची सुरुवात कुठून होते ते बघा. एका माणसाच्या दोन बायका, एक आवडती, एक नावडती. (आपल्याला हे कुणी शिकवायला नको, अर्ध्या मराठी गोष्टी इथूनच सुरू होतात.) थोरला मुलगा नावडतीचा. बापाला वाटतं, आवडतीच्या मुलालाच थोरला करावं. तोरा म्हणते, तसं चालणार नाही. नावडतीचा असला तरी थोरला तो थोरला, त्याला दुप्पट दे. हिब्रूत शब्द आहे 'पी श्नायिम', शब्दशः दोन तोंडांएवढं. एलीया संदेष्टा स्वर्गात निघाला तेव्हा त्याचा चेला अलीशा याने त्याच्या आत्म्याचा जो 'दुप्पट वाटा' मागितला, तोही याच शब्दांत. मलिद्याला, आपल्या नवसाच्या प्रसादाला, आपण ज्या एलियाहू हन्नाबीचं नाव घेतो तो हाच एलीया, त्याच्या चेल्याने वारस म्हणून मागितलेला हिस्सा! थोडक्यात, हा नियम बापाच्या मर्जीपुढे दुबळ्या पडलेल्या मुलाला धरून ठेवणारा होता. तुमच्या घरात दुबळी बाजू कुठली, हे मोठ्यांनी स्वतःलाच विचारावं.

शिवाय ज्या ग्रंथात हा नियम आहे त्याच ग्रंथात थोरलेपण पाऱ्यासारखं निसटतं. इश्माएल थोरला, पण वारस इसहाक. एसाव थोरला, पण आशीर्वाद याकोबाला. रऊबेन थोरला, आणि त्याचं ज्येष्ठपण योसेफाच्या मुलांकडे गेलं, इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तसं सरळ लिहिलंय. पुढे राजा झालेला दावीद तर भावंडांत शेंडेफळ, मेंढरांमागे गेलेला, त्याला आधी बोलावलंसुद्धा नव्हतं. म्हणून थोरल्याचा हक्क खोटा ठरत नाही. पण 'मी थोरला' एवढ्यावर देव कुणाला दुप्पट देऊन मोकळा झाला, असं काही मला तिथे दिसत नाही.

आता ती गोष्ट, जी मी तुमच्यासाठी मुद्दाम मागे ठेवली होती. पहिला शमुवेल, अध्याय ३०. दावीदाचं गाव सिकलाग जाळून अमालेकी टोळीने बायकामुलं पळवून नेली. दावीद सहाशे माणसं घेऊन पाठलागावर निघाला. बसोर नाल्यापाशी दोनशेजण इतके थकले की त्यांना ओलांडता येईना. ते सामानापाशी राहिले, चारशे पुढे गेले. लढाई झाली, सगळं परत मिळालं, वर लूटही. परत येताना चारशेंतले काही म्हणाले, हे आमच्याबरोबर आले नाहीत, यांना यांची बायकामुलं द्या आणि घालवा. लुटीतलं काही नाही. असं म्हणणाऱ्यांना तो ग्रंथ दुष्ट आणि अधम म्हणतो, शब्द मऊ करत नाही. दावीद म्हणाला, माझ्या भावांनो, असं करू नका. लढाईला उतरला त्याचा जेवढा वाटा, तेवढाच सामानापाशी राहिला त्याचा. दोघांना सारखा. आणि पुढे लिहिलंय की त्या दिवसापासून त्याने हा इस्राएलात नियमच करून टाकला.

सामानापाशी राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला पाच वर्षांचा अनुभव आहे. कूस बदलवणं, रात्री दोनला उठून चादर काढणं, वाडीतल्या नारळ उतरवणाऱ्याशी घासाघीस करणं, आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावताना आईचे हात धरणं, कारण तिचे थरथरतात. हे मी कल्पनेने लिहीत नाही, माझी आईही तशीच गेली. अश्दोदला गेलेल्या माणसानेही काही कमी सोसलं नसेल. १९८४ मध्ये नवा देश, नवी भाषा, आणि तिथून दर महिन्याला पैसे. ते पुढे गेलेले चारशे, तुम्ही सामानापाशी राहिलेल्या. वाटा सारखा.

आणि इथेच तुमच्या 'सगळं माझंच' या वाक्यालाही उत्तर आहे, ते तुम्हाला आवडणार नाही. दावीदाचा नियम दोन्हीकडून कापतो. राहिलेल्याला सारखा, म्हणजे गेलेल्यालाही सारखा. केलेल्या सेवेचे गुंठे करून मागू नका. औषधं, बाई, छप्पर दुरुस्ती यावर तुमच्या पगारातून जे गेलं आणि ज्याच्या पावत्या आहेत, तो हिशोब वेगळ्या कागदावर मांडा. मोठ्यांनी पाठवलेले पैसेही त्याच कागदावर लिहा. पावत्या नसलेल्या रात्री त्या कागदावर आणू नका. त्या तिथे मावत नाहीत आणि मग भाव होतो.

ग्रंथातलं सारखं वाटणं नेहमी एकाच मापाचं नसतं, हेही सांगून ठेवते, नाहीतर मोठे मान्नाचं, देवाने रानात पुरवलेल्या अन्नाचं, उदाहरण देतील. रानात माणशी एक ओमेर (तिथलं एक माप), कुणी जास्त गोळा केलं, कुणी कमी, मोजल्यावर कुणाचं उरलं नाही, कुणाला कमी पडलं नाही. ते पोटापुरतं. जमिनीला मात्र वेगळं: गणना २६ म्हणते, मोठ्या वंशाला मोठं वतन, लहान वंशाला लहान, आणि कुठलं कुणाला हे चिठ्ठ्या टाकून. पुढे तीस शतकांत आपल्या लोकांनी या नियमांशी किती झटापट केली ती वेगळीच. मिश्नात, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, एक कलम आहे ते मला फार आवडतं. बाप मुलगे आणि मुली ठेवून मेला. मिळकत मोठी असेल तर मुलगे वारस, मुलींना त्यातून पोसायचं. मिळकत थोडी असेल तर मुलींना पोसायचं आणि मुलग्यांनी दारोदार भीक मागायची. यावर अदमोन नावाचा न्यायाधीश कुरकुरतो, 'मी पुरुष आहे म्हणून माझं नुकसान?' आणि त्या काळचे थोर पंडित रब्बान गमलिएल म्हणतात, अदमोनचं म्हणणं मला पटतं. दोन हजार वर्षांपूर्वीची ही कुरकुर वाचताना मला दर वेळी हसू येतं. मध्ययुगात युरोपातले ज्यू बाप तर मुलीच्या लग्नातच तिला एक दस्त करून द्यायचे, 'अर्ध्या मुलाचा' म्हणत त्याला. बाप गेल्यावर मुलग्याच्या निम्मा हिस्सा तिला मिळावा म्हणून. म्हणजे तोरा मानणाऱ्या, मोठ्यांपेक्षा बहुधा जास्त मानणाऱ्या माणसांनाही मुलीचा हात रिकामा ठेवणं टोचत होतं, आणि त्यांनी वाट काढली. मोठ्यांनाही वाट काढायची असेल तर ती मळलेली आहे.

तुमच्या आईच्या वाक्याकडे येते. 'देव न्यायी आहे' म्हणजे जे होतं ते न्यायच, मुकाट घ्यावं, असा अर्थ तुम्ही लावताय का? कारण त्या ग्रंथातली देवाच्या जवळची माणसं तसं मुकाट घेत नाहीत. सदोमासाठी अब्राहाम देवाशी पन्नासावरून दहापर्यंत घासाघीस करतो, आणि तोंडावर विचारतो, साऱ्या पृथ्वीचा न्यायाधीशच न्याय करणार नाही काय? यिर्मया म्हणतो, तू नीतिमान आहेस, तरी मला तुझ्याशी न्यायाबद्दल बोलायचंय. ईयोबाने तर अध्यायामागून अध्याय दुसरं काही केलं नाही. शेवटी त्याला तीन मुली झाल्या, यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक, आणि त्याने त्यांना भावांबरोबर वतन दिलं. भाऊ हयात असताना. तोरेतल्या क्रमात न बसणारी ही गोष्ट, पण जो माणूस देवाशी न्यायावरून इतका भांडला त्याच्या हातून ती झाली, आणि ग्रंथाने तिच्यावर एका शब्दाची टीका केलेली नाही. मोठ्यांनी 'मुलगे असताना मुलीला नाही' म्हटलं की ईयोब ४२, वचन १५ एवढंच सांगा.

एक घरची गोष्ट सांगते. आमच्याकडे मलिदा आजी करायची. पोहे, नारळ, साखर, वर पाच फळं. दुआ झाली की ती वाढायला बसायची आणि मुठीने मोजायची, तराजूसुद्धा इतका बरोबर नसेल. जो घरी नसेल त्याची बशी झाकून बाजूला. मामा आगबोटीवर होता, महिनोन्महिने नसायचा, त्याची बशी शेवटी आम्ही पोरंच खायचो, पण निघायची दर वेळी. हीच आजी गेल्यावर आईने भावांना हक्क सोडून दिला. विचारलंही नव्हतं कुणी, कागद पुढे आला, आईने सही केली, बदल्यात दोन बांगड्या. ती कधी तक्रारीचं बोलली नाही. पण आजोळी जायचं म्हटलं की तिला काहीतरी काम निघायचं. मी पन्नाशीला आल्यावर ते माझ्या ध्यानात आलं.

म्हणून सांगते, हिस्सा घ्या. घेऊन पुढे हवं तर धाकट्याच्या मुलीला द्या, मशिदीच्या (आपल्या, सिनेगॉगच्या) दिवाबत्तीला द्या, पण आधी तुमच्या नावाने येऊ द्या. न मिळालेलं सोडता येत नाही.

वाटणी कशी करायची ते यहोशवाच्या १८ व्या अध्यायात आहे आणि आजही चालेल. सात वंशांची जमीन वाटायची राहिली होती. यहोशवाने प्रत्येक वंशातून तीन माणसं पाठवली, त्यांनी सगळा देश चालून पाहिला, सात भाग करून वहीत लिहिले, आणि मग शिलोला चिठ्ठ्या टाकल्या. आधी मोजणी, मग लिखापढी, मग चिठ्ठी. तुम्ही भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, नकाशात विहीर, रस्ता आणि फळती झाडं दाखवून घ्या. तीन भाग किमतीने सारखे करा, नुसते गुंठ्यांनी नको. विहीर तिघांची सामाईक, पाण्याच्या पाळ्या वाटपपत्रात लिहून, आणि तिथवर जायची वाटही लिहून. तोंडी वाट पहिल्या सुनेपर्यंतच टिकते. घराचे तीन तुकडे होणार नाहीत. त्याला तल्मुदातली (मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथातली) एक जुनी रीत आहे, एकाने भाव सांगायचा, 'या भावाने तू घे, नाहीतर मी घेतो'. भाव सांगणाऱ्याला आपण देणारे ठरू की घेणारे हे माहीत नसतं, त्यामुळे तो वेडावाकडा सांगत नाही. मोठ्यांनाच भाव सांगू द्या. झालेलं वाटप नोंदणीकृत करा.

धाकट्याशी आधी बोला, फोनवर नको, ठाण्याला जाऊन बोला. मोठ्यांच्या हिशोबाने त्याला एक तृतीयांश मिळतोय आणि कायद्यानेही तेवढाच. या भांडणात त्याचं काही जात नाही, मग तो गप्प का, हे त्याला विचारा. माझा अंदाज, त्याला कुणी विचारलेलंच नाही.

मोठ्यांसाठी चार ओळी लिहून देते, तुमच्या भाषेत बदलून घ्या:

"दादा, मसुदा वाचला. सही करत नाहीये, राग मानू नका. अनुवाद २१ वाचलं, तसंच शमुवेल ३० मधली बसोर नाल्याची गोष्ट पण वाचली, तुम्हीही वाचा. मला तुमच्यापेक्षा जास्त नको आणि कमीही नको. मोजणीचा अर्ज देतेय, विहीर तिघांची ठेवू. आईच्या वर्षश्राद्धाला याल तेव्हा तिघं मिळून चिठ्ठ्या टाकू. तुमची बशी काढून ठेवते."

शुक्रवारी पाठवणार असाल तर दुपारीच पाठवा. त्यांचं घड्याळ आपल्यामागे अडीच-साडेतीन तास, संध्याकाळी शब्बाथ, विश्रामाचा दिवस, लागायच्या आत वाचून होईल.